रुग्णसहायकाचे शिक्षण

म्हैसूर शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आहे, हे ऐकून मराठी श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून मैसूरु असे झाले, पण मराठीच्या तोंडी म्हैसूरच रुळलेले आहे. ज्या ‘आकाशवाणी’ या नावाने देशाची नभोवाणी ओळखली जाते, ते नावही प्रथम याच शहरात वापरात आले. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये येथे स्वतःचे प्रक्षेपण केंद्र उभारले व त्याला हे नाव दिले. सयाजीराव रस्ता आयर्विन रस्त्याला मिळतो त्या भागात कृष्णराजेंद्र रुग्णालयाची भव्य इमारत आहे आणि तिला लागूनच स्त्रिया व मुलांसाठी असलेले चेलुवांबा रुग्णालय आहे. १९२४ मध्ये बंगळूरला निघालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये म्हैसूरला आले आणि या रुग्णालयांशी जोडले गेले. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, मेथडिस्ट मिशनने बांधलेले होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय या शहरात सुरू झाले होते. औषधोपचाराची परंपरा म्हैसूरला जुनी आहे. नोकरीतून निवृत्त होऊन शांतपणे राहावयास येणाऱ्यांचे शहर म्हणूनही त्याची ख्याती आहे, आणि जेथे वृद्धांची वस्ती अधिक तेथे शुश्रूषेची गरजही अधिक असणार, हे उघड आहे.

अशा शहरातील कोणत्याही रुग्णालयात किंवा वृद्धनिवासात सकाळी सात वाजता जाऊन उभे राहावे. डॉक्टर अजून आलेले नसतात. परिचारिका रात्रीच्या नोंदी वाचीत असते. त्या वेळी खाटेजवळ जे माणूस वाकलेले दिसते, ते रुग्णाचे तोंड धुते, कूस वळवते, चादर बदलते, भांडे उचलून नेते. दिवसाच्या चोवीस तासांत रुग्णाच्या अंगाला सर्वांत अधिक वेळा हात लागतो तो याच माणसाचा. महाराष्ट्रातील रुग्णालयांत बाई असेल तर तिला ‘मावशी’ म्हणतात, पुरुष असेल तर ‘मामा’. नात्याने हाक मारण्याची ही रीत गोड आहे खरी. परंतु या मावशीला तिचे काम कोणी शिकवले, किती दिवस शिकवले आणि तिची परीक्षा कोणी घेतली, हा प्रश्न त्या गोडव्यात बहुधा झाकून जातो.

वस्तुतः रुग्णालयातील शुश्रूषेच्या कामात निरनिराळ्या पायऱ्या आहेत व त्या एकमेकींपासून भिन्न आहेत. नोंदणीकृत परिचारिका तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेऊन आलेली असते. तिचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या पटावर असते, आणि महाराष्ट्रात तर त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. तिच्याखाली सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे बोलीत ए.एन.एम., ही दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली असते. तिचीही नोंदणी होते. आणि त्याखाली ही मावशी, जिला आज सरकारी कागदपत्रांत ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ असे लांबलचक नाव आहे. मराठीत तिला रुग्णसहायक म्हणणे सोयीचे. पांढरा किंवा निळा गणवेश तिघींच्याही अंगावर असतो. त्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकांस तिघीही ‘सिस्टर’च वाटतात. सलाईन संपत आले म्हणजे जी दिसेल तिला हाक मारली जाते, आणि तिने हात लावावा की लावू नये, हे तिला ठाऊक नसेल तर अनर्थ घडण्यास फार वेळ लागत नाही.

ही शेवटची पायरी इतकी दुर्लक्षित का राहिली, याला थोडा इतिहास आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक! एवढ्या तुटवड्यात पहिली धडपड साहजिकच परिचारिका निर्माण करण्याची झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. तिने १९५० च्या सुमारास शिक्षणाच्या दोनच पातळ्या मान्य केल्या: एक पूर्ण परिचारिकेची व दुसरी सहायक परिचारिका प्रसविकेची. ही दुसरी पातळी मुळात मदतनिसाची होती. पण देशाची निकड खेड्यांत होती. बाळंतपणे, लसी, कुटुंबनियोजन ही कामे वाढत गेली, आणि १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तर ए.एन.एम.ला ‘बहुउद्देशीय आरोग्यसेविका’ करून उपकेंद्राकडे वळविले. ते योग्यच झाले. खेड्यातील कितीतरी माता तिच्यामुळे वाचल्या. मात्र मदतनीस म्हणून जी घडवली ती वॉर्डातून निघून गेली आणि वॉर्डात आया व वॉर्डबॉय तेवढे उरले. त्यांची भरती होई ती झाडलोटीसाठी, आणि शुश्रूषा ती पाहून पाहून शिकत. पुष्कळ आया या रीतीने उत्तम शिकल्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु पाहून शिकणारा माणूस चांगल्या गोष्टींबरोबर चुकाही शिकतो, आणि आपण शिकलो ती चूक होती हे त्याला पुढे कधी कळत नाही.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते फारसे सुखद नाही. दुसऱ्याच्या मलमूत्राला, रक्ताला, पुवाला हात लावणे हे काम आपल्या समाजाने हलके मानले व ठराविक जातींच्या माथी मारले. त्या कामाला विद्या लागते, ही कल्पनाच रुजावयास वेळ लागला. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास पाठविले, तेव्हा ते केवळ उपजीविकेचे साधन नव्हते. चांगल्या घरातील बाईने परक्या रुग्णाची सेवा करणे हे प्रतिष्ठेचे काम आहे, असे त्यातून समाजाला सांगावयाचे होते. परिचारिकेच्या बाबतीत ते सांगणे हळूहळू पटले. आयेच्या बाबतीत अजून पटावयाचे आहे.

आता हे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते पाहू गेले असता प्रथमदर्शनी त्यात शिकण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. अंग पुसणे, भरविणे, उठविणे, बसविणे ही कामे घरोघर चालतात. पण पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवावयाचे झाले, तर खुर्ची कोणत्या बाजूला ठेवावी? न शिकलेला माणूस बहुधा लुळ्या बाजूला ठेवतो, कारण तिकडे आधाराची गरज आहे असे त्याला वाटते. शिकलेला ती धडधाकट बाजूला ठेवतो. रुग्णाने आपल्या चांगल्या पायावर भार घेऊन, चांगल्या हाताने खुर्चीचा हात धरून वळावयाचे असते. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. उचलताना स्वतःची पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकावयाचे. नाही तर चार-पाच वर्षांत रुग्णसहायकच रुग्ण होतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर जखमा होतात, त्यांना शय्याव्रण म्हणतात. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची पाती, डोक्याची मागची बाजू, जेथे जेथे हाड कातडीच्या लगत आहे तेथे तेथे शरीराच्या भाराने रक्त पोहोचत नाही व कातडी मरू लागते. प्रथम तेथे एक तांबूस डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर जर तो पांढरा पडला नाही, तर ती धोक्याची सूचना. पुढे तेथे खड्डा पडतो, आणि तो भरून येण्यास कधी कधी महिने लागतात. दुर्बल म्हाताऱ्या माणसाचा त्यातून उद्भवलेल्या विषबाधेने अंतही होतो. उपाय काय? साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला सुरकुती राहू न देणे, अंग कोरडे ठेवणे आणि प्रत्येक वेळी पाठ नीट पाहणे. यात महागडे औषध एकही नाही. एक तक्ता तेवढा हवा, ज्यावर वेळ आणि ‘उजवी’, ‘डावी’, ‘उताणे’ असे लिहिलेले असते, आणि तो प्रामाणिकपणे भरणारे माणूस. रात्री तीन वाजता ‘डावी’ असे लिहिणे आणि रात्री तीन वाजता उठून खरोखर डाव्या कुशीवर वळविणे, यातील अंतर कोणत्याही परीक्षेत मोजता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

भरविण्याचेही तसेच आहे. आडव्या पडलेल्या रुग्णाच्या तोंडात पेज घातली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून त्याला उठवून बसवावे, घास लहान द्यावा, पहिला गिळला की नाही हे पाहूनच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. अंग पुसताना आरंभ चेहऱ्यापासून आणि शेवट गुह्यांगाशी. मूत्रनलिका लावलेली असेल तर तिची पिशवी मूत्राशयाच्या पातळीहून खाली, परंतु जमिनीला न टेकणारी. हात साबणाने धुवावयाचे तर चाळीस ते साठ सेकंद, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी. कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनी रंग ठरविलेले आहेत: रक्ताने भिजलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या व प्लास्टिकच्या बाटल्या तांबड्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुई चुकून पिशवीत गेली तर ती टोचते कचरा उचलणाऱ्या माणसाला, ज्याने त्या रुग्णाचे तोंडही पाहिलेले नसते.

याखेरीज नाडी, ताप व श्वास मोजणे आणि ते लिहून ठेवणे. परंतु या साऱ्याहून अवघड धडा आहे तो काय करू नये हा. रुग्णसहायकाने इंजेक्शन द्यावयाचे नाही, सलाईनचा वेग बदलावयाचा नाही, स्वतःच्या मनाने गोळी द्यावयाची नाही, आजाराचे निदान नातेवाइकांस सांगावयाचे नाही. त्याचे काम पाहणे व कळविणे हे आहे. ‘आज अज्जींनी डाव्या हाताने पेला धरला नाही’, एवढे वाक्य वेळेवर परिचारिकेच्या कानावर गेले तर एखादा झटका वेळीच ओळखता येतो. म्हैसूरला ते कानडीत सांगितले जाईल, सांगलीला मराठीत. नंजनगूड किंवा हुणसूरकडील खेड्यातून आलेल्या मुलीला रुग्णाची बोली कळते, हा तिचा मोठाच गुण आहे. पुस्तकी इंग्रजीतून तिची परीक्षा घेऊ लागले की तो गुण तेथे हिशेबात धरला जात नाही.

प्रमाणपत्राची आजची व्यवस्था तुलनेने नवी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्या आराखड्यात आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने रुग्णसहायकाच्या कामाचे एकेक अंग लिहून काढले आणि त्याला चौथी पातळी दिली. घरी जाऊन सेवा करणाऱ्यासाठी वेगळी पात्रता आहे. शालेय शिक्षणाची अट माफक, मुदत काही महिन्यांची, अर्धेअधिक शिक्षण हाताने करून पाहण्याचे, आणि शेवटी परीक्षा. शिकविणारा व परीक्षा घेणारा हे दोघे भिन्न असावेत, असा यातील दंडक आहे व तो फार महत्त्वाचा आहे. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेमुळे या शिक्षणाचा खर्च सरकारकडून मिळू लागला. त्याच योजनेत जुन्या अनुभवी माणसांची परीक्षा घेऊन त्यांच्या हातातील विद्येला मान्यता देण्याचीही सोय आहे. वीस वर्षे वॉर्डात राबलेल्या मावशीला नव्याने बाकावर बसविण्याऐवजी तिला जे येते ते तपासून घ्यावे आणि जेवढे चुकते तेवढेच शिकवावे, ही कल्पना शहाणपणाची आहे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, १८ जून २०२१ रोजी, केंद्राने एक लाखाहून अधिक लोकांना झटपट तयार करण्याचा कार्यक्रम आखला. घरची शुश्रूषा, प्राथमिक शुश्रूषा, प्रगत शुश्रूषा, तातडीची सेवा, नमुने घेणे, उपकरणे हाताळणे असे त्याचे सहा प्रकार होते. संकटाच्या वेळी का होईना, खाटेजवळच्या माणसाची आठवण राज्यकर्त्यांस झाली. पण संकटकाळी आखलेला शिक्षणक्रम नेहमीचा मापदंड होऊ नये, हेही तितकेच खरे. मापदंड कसा असावा, याची उदाहरणे अन्यत्र आहेत.

अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांची स्थिती इतकी शोचनीय झाली होती की १९८६ मध्ये तेथील वैद्यक संस्थेने त्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. १९८७ च्या अखेरीस काँग्रेसने कायदा केला. तेव्हापासून सरकारी पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहात काम करणाऱ्या सहायकाला किमान ७५ तासांचे शिक्षण व परीक्षा सक्तीची आहे. नोकरी लागल्यापासून चार महिन्यांच्या आत ती पुरी झाली पाहिजे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी पहिले १६ तास संभाषण, संसर्ग, सुरक्षितता व रुग्णाचे हक्क यांवर गेले पाहिजेत. दरवर्षी पुन्हा १२ तास उजळणी. सलग चोवीस महिने काम केले नाही तर पुन्हा शिक्षण किंवा परीक्षा. शुश्रूषागृहाने नोकरीवर घेतलेल्या सहायकाकडून शिक्षणाची फी घेता येत नाही. आणि प्रत्येक राज्यात एक नोंदवही असते, तीत सहायकाचे नाव असते. त्याने रुग्णाला मारले, छळले किंवा त्याची वस्तू चोरली असे चौकशीत सिद्ध झाले, तर तेही तेथे लिहिले जाते. ७५ तास पुरेसे आहेत काय, यावर तेथेही वाद आहे. काही राज्यांनी तास वाढविले आहेत. पण तासांपेक्षा नोंदवही अधिक मोलाची म्हटली पाहिजे, कारण एका ठिकाणाहून हाकललेला माणूस दुसऱ्या ठिकाणी नाव सांगून सहज कामाला लागू शकत नाही. ब्रिटनमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातील हेळसांडीची चौकशी झाल्यानंतर २०१३ मध्ये कॅव्हेंडिश यांनी सहायकांच्या शिक्षणाची पाहणी केली, आणि २०१५ पासून तेथे पंधरा कसोट्यांचे प्रमाणपत्र सुरू झाले. जपानने तर १९८७ मध्येच कायद्याने शुश्रूषासेवकाची स्वतंत्र राष्ट्रीय पात्रता निर्माण केली.

भारतात या नोंदवहीचीच उणीव आहे. २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा मोठा आहे, पण त्याच्या कक्षेत येण्यास किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते. काही महिन्यांचा रुग्णसहायक त्या उंबरठ्याच्या बाहेर राहतो. परिचर्या परिषदेच्या पटावरही त्याला जागा नाही. प्रमाणपत्र आहे, पण ते असलेच पाहिजे असे बंधन नाही. त्यामुळे चालक स्वस्त पडणारे अशिक्षित माणूस ठेवू शकतो, आणि शिकलेल्या मुलीला न शिकलेलीपेक्षा अधिक वेतन मिळेलच असे नाही. मग तिने कशासाठी शिकावे? पुढे चढावे म्हटले तर ए.एन.एम.च्या प्रवेशाला बारावी हवी. तोवर वॉर्डात घालविलेली वर्षे त्या शिक्षणात धरली जात नाहीत. शिडीला पहिली पायरी बसविली, पण तिच्यात आणि दुसरीत अंतर इतके ठेवले की पाय पोहोचू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकासाठी मराठीतून शिक्षणक्रम काढला, तो या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण मुक्त विद्यापीठात शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही पुढची वाट राहते.

दरम्यान गरज वाढतच आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दीडशे वृद्धांचा वृद्धाश्रम काढावा, असे राज्यांस सुचविले. पण तेथे त्यांची सेवा कोणत्या शिक्षणाचे माणूस करील, हे कायद्याने सांगितले नाही. मुले परगावी, आईवडील एकटे, ही स्थिती म्हैसूरच्या कुवेंपुनगरात जशी आहे तशीच पुण्याच्या कोथरूडमध्ये आहे. मग ब्यूरोला दूरध्वनी केला जातो व दुसऱ्या दिवशी दाराशी एक अनोळखी तरुणी पिशवी घेऊन उभी राहते. घरातील माणसे तिचा पत्ता विचारतात, ओळखपत्र पाहतात, दागिने कपाटात ठेवतात. ती शिकली काय, हे क्वचितच विचारतात. विचारणे अवघड नाही. प्रमाणपत्र कोणाचे, त्यावर क्रमांक आहे काय, कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम केले, किती दिवस, हे प्रश्न तिचा अपमान करणारे नाहीत. शिकलेली मुलगी त्यांची उत्तरे आनंदाने देते. आणि कागद नसेल, तर आजोबांना खाटेवरून उतरवावयास सांगावे व ती खुर्ची कोणत्या बाजूला ठेवते ते पाहावे.